दोमिंगच्या वहीत खोडाखोड चालत नाही

दोमिनादोर बालिंगितला वस्तीत कुणी दोमिनादोर म्हणत नाही. या नावाचा अर्थ होतो हुकमत गाजवणारा, आणि ते ठेवताना त्याच्या बापाच्या डोळ्यांसमोर नेमकं काय होतं, देव जाणे. घरात तो दोमिंग आणि घराबाहेर 'सेक'. सान इसिद्रो या आमच्या बारांगायचा, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचा, तो सेक्रेटरी. अकरा वर्षं झाली.

हुकमत त्याची चालायची ती एकाच वस्तूवर. हिरव्या पुठ्ठ्याची, विटेएवढी जाड तक्रारवही. तिला सगळे ब्लॉटर म्हणतात. शेजारच्याचा कोंबडा पहाटे तीनला आरवतो, लिहा ब्लॉटरमध्ये. समोरचा माणूस कराओकेवर एकच गाणं नऊ वेळा गातो, लिहा. एकदा लिहिलं की नंबर पडतो, नंबर पडला की समोरच्याला नोटीस जाते, नोटीस गेली की वस्तीची वडीलधारी मंडळी दोघांना समोरासमोर बसवून भांडण मिटवतात. ही आमच्याकडची रीत. आणि या रीतीत दोमिंगने स्वतःचा एक नियम घातला होता: वहीत खोडाखोड चालणार नाही. पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, काही नाही.

दोन वर्षांपूर्वी खुद्द कॅप्टनने, म्हणजे वस्तीच्या प्रमुखाने, जरा जास्त झालेल्या अवस्थेत सख्ख्या मेहुण्याविरुद्ध बकरी पळवल्याची तक्रार नोंदवली होती. सकाळी बकरी न्हाणीघरात सापडली. (तिला तिथे बांधणारा इसम स्वतः कॅप्टनच होता.) "खोडून टाक रे बाबा," असं तो चार माणसांत काकुळतीला येऊन म्हणाला. दोमिंगने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "काप, वहीत खोडाखोड चालत नाही." बिचाऱ्याला मेहुण्यासमोर माफी मागावी लागली. काप, म्हणजे कॅप्टन, हे विसरलेला नव्हता.

तर आता मूळ गोष्ट. गुरुवारची संध्याकाळ. घरात तिघं. दोमिंग, त्याची बायको रेमी आणि रेमीची आई, जिला दोमिंगही नानाय म्हणतो. समोर ताटात भात आणि तळलेला बांगडा, आणि त्याच्या पलीकडे टीव्हीवर 'बाहाय सियेते'. बारा अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, त्यांचे फोन काढून घ्यायचे, भिंतीभिंतीला कॅमेरे लावायचे आणि दर शनिवारी लोकांच्या मतांनी एकाला बाहेर काढायचं, असा तो कार्यक्रम. यंदा वस्तीला त्याचं वेडच लागलं होतं, कारण त्या बारांत एक आमचीच पोरगी होती. जोवेलिन. पंचायतीच्या कचेरीसमोर लुगाव, म्हणजे आल्याची गरम पेज, विकणाऱ्या आलिंग चारिंगची, म्हणजे चारिंगमावशीची, मुलगी. चौकात तिचा फ्लेक्स लागला होता: 'वस्तीची शान, जोवेलिन!' (फ्लेक्सवर जोवेलिन बोटभर आणि काप पुरुषभर होता, पण ते चालायचंच.)

त्या संध्याकाळी जोवेलिन आणि तिच्या तीन मैत्रिणींनी टिंटिन नावाच्या मुलीची सँडल पाण्याच्या टाकीत टाकली होती. टिंटिन समार बेटावरची. तिच्या बोलण्याला तिकडचा हेल. ती खोलीत आली की चौघी गप्प व्हायच्या, ती गेली की तिच्या हेलाची नक्कल करायच्या. आज ती अनवाणी घरभर सँडल शोधत होती.

"हा छळ आहे," रेमी म्हणाली. "सरळसरळ बुलिंग."

"काहीतरीच तुझं!" नानायने शेंगांची टरफलं ताटात टाकली. टीव्हीसमोर उकडलेल्या शेंगा खाल्ल्याशिवाय तिला कार्यक्रम दिसतच नाही. "पोरींची गंमत चाललीय. तरुण रक्त आहे. आमच्या वेळी तर मैत्रिणीला विहिरीत ढकलायचे."

"म्हणून ती मैत्रीण तुझ्याशी चाळीस वर्षं बोलत नाही ना?"

"त्याचं कारण वेगळं होतं!"

"दोमिंग, तू सांग," रेमी म्हणाली.

"हो, जावईबापूंना विचार," नानाय म्हणाली. "सरकारी माणूस आहे."

दोन्ही बाजूंनी दोन चेहरे त्याच्याकडे वळले. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या कोणत्याही पुरुषाला असल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर माहीत असतं: पोटात कळ आली म्हणून उठून जायचं. पण दोमिंगच्या तोंडात बांगड्याचा काटा होता आणि डोक्यात 'सरकारी माणूस' हे शब्द गेले होते. काटा काढता काढता तो ऐटीत म्हणाला, "असं घरात बसून ठरवता येत नाही. त्यासाठी एक पद्धत असते. तक्रार असेल तर कचेरीत या, लेखी द्या."

सुटलो, असं त्याला वाटलं. उरलेला बांगडा त्याने मजेत खाल्ला.

शुक्रवारी सकाळी तो कचेरीत पोचला तेव्हा फ्लोर नेहमीप्रमाणे आधीच येऊन टेबलं पुसत होती. फ्लोर म्हणजे त्याची मदतनीस. अकरा वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, जाडजूड, गोल चेहऱ्याची, फारसं न बोलणारी बाई. दोमिंग तिला 'बिबिंगका' म्हणायचा. बिबिंगका म्हणजे तांदळाचा गोल केक, नाताळात मिळतो तो. पहिल्याच दिवशी त्याने तिला हे नाव दिलं आणि ते इतकं चपखल बसलं, की सगळी वस्ती तिला तेच म्हणते. दोमिंगला या गोष्टीचा जरा अभिमानच होता.

"काय बिबिंगका, खुर्ची अजून शाबूत आहे ना?" तो म्हणाला. हा रोजचा विनोद.

"आहे, सेक."

"कॉफी आण मग. आणि तारखेचा शिक्का फिरव."

कॉफीचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच दारात रेमी. अंगात चर्चला घालायचा झगा. तिच्यामागे नानाय, हातात छत्री.

"तुम्हीच म्हणालात लेखी द्या," रेमी म्हणाली. कचेरीत ती त्याला अहोजाहो करत होती, तेव्हाच खरं तर त्याने ओळखायला हवं होतं. "लिहा. तक्रारदार, रेमेदियोस बालिंगित. कुणाविरुद्ध, जोवेलिन आणि तिघी. कारण, टिंटिन या मुलीचा छळ."

"अगं, ती टीव्हीवरची माणसं आहेत!"

"जोवेलिन या वस्तीत राहते की नाही? मतदारयादीत तिचं नाव आहे की नाही?"

होतं. दोमिंगनेच घातलं होतं. बाहेर आलिंग चारिंगच्या टपरीवरची गिऱ्हाइकं माना उंचावून बघायला लागली होती. बायकोला परत पाठवावं तर घरी काय होईल ते दिसत होतं. लिहून टाकू, कोण विचारतंय, असं म्हणून त्याने आपल्या सुंदर वळणदार अक्षरात नोंद केली. क्रमांक दोनशे चौदा.

"आता माझी," नानाय म्हणाली. "माझ्या मुलीविरुद्ध. ती जोवेलिनला राक्षसीण म्हणाली. माझ्या मनाला लागलं." क्रमांक दोनशे पंधरा.

शेजारच्या टेबलावरून फ्लोर हळूच म्हणाली, "सेक, मला वाटतं, त्या टिंटिनला खरंच लागत असेल हो."

फ्लोरही समारचीच. दोमिंगने लगेच तिचा हेल काढून तिचंच वाक्य लांबवून म्हटलं. टपरीवरचे दोघं खदखदून हसले. फ्लोरही थोडंसं हसली आणि शिक्का फिरवायला लागली. वातावरण हलकं करायची दोमिंगला हातोटीच होती.

पण नंबर पडला होता आणि आता नोटीस काढणं भाग होतं. जोवेलिन तर कोंडलेली, तिच्याकडे ना फोन ना पत्ता. अशा वेळी घरच्या माणसाच्या हाती नोटीस द्यावी, असं नियमात आहे. दोमिंग समोरच्या टपरीवर गेला, रोजच्यासारखा बाकावर बसला, रोजच्यासारखा अंडं घातलेला लुगाव मागवला आणि तीन चमचे पोटात गेल्यावर खिशातून कागद काढला. (नोटीस आधी द्यावी की लुगाव आधी खावा, यावर त्याने विचार केला होता. विचार अर्धा बरोबर निघाला.)

आलिंग चारिंगने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग शांतपणे हात पुढे केला आणि त्याच्यासमोरचा वाडगा उचलून घेतला. अंडं अजून आख्खं होतं.

"माझी पोर छळ करते?" ती म्हणाली. "लहानपणी तुझ्या अंगाखांद्यावर खेळली ती! ऊठ. त्या बाकावर माणसं बसतात."

दुपारपर्यंत वस्तीभर झालं. सेकने आपल्याच जोवेलिनविरुद्ध केस घातली! मतदानाच्या ऐन आठवड्यात! काप दाणदाण पावलं आपटत आला.

"खोडून टाक," तो म्हणाला.

दोमिंगने नुसतंच त्याच्याकडे पाहिलं. काप त्या पाहण्याने लालबुंद झाला, मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि ते हसू बकरीच्या दिवसापासून साठवलेलं होतं.

"नाही, नाही, बरोबर. वहीत खोडाखोड चालत नाही. मग मिटव. पुढच्या रविवारी जत्रा आहे, मिरवणुकीत माझ्या गाडीवर चारिंगला बसवायचीय. त्याआधी शुक्रवारी बैठक घे आणि सगळ्यांच्या सह्या घे. एकही सही राहिली तर सोमवारपासून मी दुसरा सेक्रेटरी बघतो. नेमणूक माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

ती खुर्ची, ती वही, ते 'सेक, सेक' म्हणून रस्त्यात थांबवणं, एवढंच तर त्याचं होतं. ते गेलं की उरायचा तो नुसता नानायचा जावई.

आणि मग सुरू झाला तो आठवडा.

टपरीवर त्याला कुणी जागा देईना. तो आला की सगळे चिडीचूप. तो पुढे गेला की मागे फिसकन हसू. न्हाव्याने अर्धी दाढी करून "साबण संपला" म्हणून सांगितलं. आणि घरी? घरी तर त्याहून कमाल. रेमी बोलेना, कारण नवऱ्याने टिंटिनची बाजू उघडपणे घेतली नाही. नानाय बोलेना, कारण जावयाने तक्रार लिहूनच का घेतली. एकमेकींशी मात्र दोघी छान बोलत होत्या! एकमेकींविरुद्ध केस चालू असलेल्या त्या दोघी एकाच वाटीतल्या शेंगा खात, मांडीला मांडी लावून 'बाहाय सियेते' बघत होत्या, आणि तो सोफ्यावर बसायला गेला की मध्ये उशी ठेवली जात होती.

"नानाय, कुणाला भूक लागली असेल तर म्हणावं, भात झाकून ठेवलाय."

"सांग म्हणावं कुणाला तरी, मासा मांजराने नेला."

मांजराच्या तोंडाला मासा लागलेला दिसत नव्हता, नानायच्या ओठांवर मात्र तेल होतं. मंगळवारी त्याच्या सपाता गायब झाल्या. बुधवारी त्या पत्र्यावर दिसल्या. तो शिडी लावून वर चढला, तेव्हा खालच्या गल्लीत निदान पंधरा माणसं उभी होती आणि एकानेही शिडी धरली नाही. वरून त्याने पाहिलं, समोरच्या घरातल्या टीव्हीवर टिंटिन एकटीच ताट घेऊन अंगणात जेवत होती. दोमिंगला एकदम भडभडून आलं. पत्र्यावर बसून, एक सपात हातात घेऊन, तो चक्क रडला. पंचेचाळिसाव्या वर्षी.

सगळ्या आठवड्यात त्याच्याशी नीट बोलली ती एकटी फ्लोर. दुपारी ती आपला डबा उघडायची आणि अर्धा भात, अर्धं आदोबो, म्हणजे आंबटसर रश्शातलं मांस, झाकणात काढून त्याच्या टेबलावर सरकवायची.

"बिबिंगका, तुझ्या डब्यात दोन माणसांचं मावतं हे बरंय," तो घास घेता घेता म्हणायचा. तिला जरा हसवावं, एवढाच हेतू.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता बैठक भरली. पंचायतीच्या दालनात पाय ठेवायला जागा नाही. मधल्या टेबलामागे काप आणि त्याच्या शेजारी माएस्त्रा प्रोकोपिया. ऐंशी वर्षांच्या या बाईंनी कापपासून चारिंगपर्यंत सगळ्यांना बाराखडी शिकवलीय आणि सगळ्यांचे कान पिरगाळलेत, त्यामुळे भांडण मिटवायला आमच्याकडे त्यांच्याइतकं योग्य माणूस नाही. भिंतीवर एक तक्ता. तो दोमिंगनेच गेल्या वर्षी शहरातल्या शिबिरातून येऊन, सुवाच्य अक्षरात लिहून लावला होता. 'छळ कसा ओळखावा?' त्याखाली चार प्रश्न. पुन्हा पुन्हा होतं का? करणाऱ्याचं पारडं जड आहे का? सोसणाऱ्याला लागतं का? आणि चौथा, लाल शाईने: विचारलं की 'गंमत केली' असं उत्तर येतं का?

"माझ्या पोरीने काहीही केलेलं नाही," चारिंगने सुरुवात केली. "कार्यक्रमवाले सांगतात तसं त्या वागतात. सगळं आधी ठरलेलं असतं."

"टिंटिनच्या डोळ्यांतलं पाणीपण आधी ठरलेलं असतं का?" रेमी म्हणाली.

"कांदा लावतात डोळ्यांना!"

"दोन आठवडे? वस्तीतले कांदे संपले असते, चारिंग!"

"बाई गं, तिथे राहायचं म्हणजे कातडी जाड हवी," नानाय मध्येच म्हणाली. "नसेल जमत तर जावं घरी. आणि शिवाय ती बोलते कशी, सारखं आपलं गाणं म्हटल्यासारखं. हसू येणारच ना?"

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, नानाय?" कापने विचारलं.

"मी कार्यक्रमाच्या बाजूने आहे."

तासभर हेच. निम्मं दालन म्हणे छळ, निम्मं म्हणे गंमत. दोमिंग हात दुखेस्तोवर लिहीत होता आणि घड्याळाकडे बघत होता. सह्या तर सोडाच, चारिंगने पेनाला हात लावणार नाही असं जाहीर केलं. काप मान हलवून हलवून दोमिंगकडे बघत होता. नवा सेक्रेटरी मनातल्या मनात त्याने निवडलासुद्धा असावा.

शेवटी माएस्त्रांनी काठी आपटली. "गप्प बसा सगळे! यातल्या कुणी ते सोसलंय का? उगाच बाहेरून काय ठरवताय? चौघींनी एकीला वाळीत टाकलं तर कसं वाटतं, हे सांगणारं कुणी आहे का इथे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सेक उभा राहिला होता.

"मी सांगतो," दोमिंग म्हणाला. "मी सांगतो कसं वाटतं! आठ दिवस झाले, माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही. मी आलो की तुम्ही गप्प होता. मी गेलो की हसता. माझा वाडगा उचलून नेला, चारिंग! अंडं राहिलं होतं त्यात! माझी दाढी अर्धी आहे, बघा, ही बाजू बघा! माझ्या सपाता पत्र्यावर टाकल्या. माझा मासा मांजराने खाल्ला म्हणे. नानाय, त्या मांजराला कवळी आहे का? तिथे वर एकटा बसलो होतो मी, आणि माझ्या मनात आलं, या वस्तीत जन्मलो, या सगळ्यांचे जन्ममृत्यूचे दाखले मी लिहिले, आणि एकालासुद्धा शिडी धरावीशी वाटली नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? गंमत केली! लागतं हो. आत कुठेतरी फार लागतं. एवढंच."

तो बसला. चष्मा काढून पुसायला लागला, पण चष्म्यापेक्षा डोळेच ओले होते.

पहिला हुंदका दिला तो रेमीने. मग नानायने पदराने नाक पुसलं. (म्हणजे झग्याच्या बाहीने, आमच्याकडे पदर नसतो, पण भावना तीच.) न्हावी उठून "सेक, चला, आत्ता उरलेली दाढी करतो" म्हणाला. आलिंग चारिंग बाहेर गेली आणि वाफाळता वाडगा घेऊन आली. त्यात दोन अंडी होती.

"सोसणाऱ्याला लागतं," माएस्त्रा तक्त्याकडे काठी दाखवत म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा झालंय. सगळे एका बाजूला आणि हा एका बाजूला. चारही प्रश्नांना होय. सेकचा छळ झाला, आणि तिथे त्या मुलीचाही होतोय. चारिंग, जोवेलिन बाहेर आली की तिला सांग, टिंटिनची माफी माग म्हणावं. रेमी, तू राक्षसीण हा शब्द मागे घे. आणि सगळ्यांनी सेकची माफी मागा."

सगळ्यांनी मागितली. सही करायला रांग लागली. चारिंगने तर दोनदा सही केली. दोमिंग लुगाव खात खात, एकेकाची माफी मान हलवून स्वीकारत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं नाव आपल्याला शोभतं असं वाटत होतं. खुर्ची वाचली, घर वाचलं, दोन अंडीही मिळाली. कापने नाइलाजाने पाठ थोपटली.

"झालं तर मग," माएस्त्रा म्हणाल्या. "आणखी कुणाला या विषयावर काही सांगायचंय?"

हे आपलं विचारायचं म्हणून विचारतात. कुणी काही सांगत नाही.

शेजारच्या टेबलावरून एक हात वर झाला.

"मला," फ्लोर म्हणाली.

"बिबिंगका, तुझं काय मध्येच?" दोमिंग हसत म्हणाला.

"हेच," फ्लोर म्हणाली. "हेच सांगायचंय, माएस्त्रा. अकरा वर्षं झाली. रोज सकाळी मी खुर्ची मोडली का ते विचारतात. मी बोलले की माझा हेल काढून दाखवतात, आणि टपरीवरची माणसं हसतात. परवा माझ्याच डब्यातलं खाताना म्हणाले, तुझ्या डब्यात दोन माणसांचं मावतं. मी काही बोलले नाही. मला वाटायचं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पण आत्ता सेक इतकं छान बोलले, की मला पटलं. लागतं हो. आत कुठेतरी फार लागतं."

दोमिंगचा चमचा वाडग्यात पडला.

"अगं, पण मी तर... ती तर गंमत..."

शब्द तोंडातून निसटला आणि दालनातल्या दीडशे माना एकदम भिंतीवरच्या तक्त्याकडे वळल्या. चौथा प्रश्न. लाल शाई. त्याचंच सुवाच्य अक्षर.

"अरेरे," नानाय म्हणाली, आणि पिशवीतून शेंगांची पुडी काढून तिने मांडीवर उघडली.

रेमी नवऱ्याकडे बघत होती, पण त्या बघण्यात मघाचा ओलावा नव्हता. दोमिंगने कापकडे पाहिलं. काप इतका खूश त्याच्या लग्नातसुद्धा नव्हता.

"काप, हे... हे आपण आपसात... म्हणजे नोंद करायचीच असं काही..."

"लिही, सेक," काप मधाळ आवाजात म्हणाला. "शांतपणे लिही. चुकू नकोस. वहीत खोडाखोड चालत नाही."

दोमिंगने पेन उचललं. क्रमांक दोनशे सोळा. कुणाविरुद्ध, दोमिनादोर बालिंगित. अक्षर नेहमीसारखं सुंदरच आलं. मग तो तक्रारदाराच्या रकान्यापाशी आला आणि थांबला.

"फ्लोर," तो खाली मान घालून म्हणाला, "तुझं पूर्ण नाव काय गं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तो पुढे कित्येक दिवस म्हणत होता.

"फ्लोर्देलिसा अबुके," ती म्हणाली.

त्याने ते लिहिलं. एकेक अक्षर नीट काढून. खाली सही केली, एकदा आरोपी म्हणून आणि एकदा सेक्रेटरी म्हणून. आता उरला फक्त पंचायतीचा शिक्का. त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. अकरा वर्षांच्या सवयीने त्याने वहीवरून मान न उचलताच डावा हात बाजूला केला आणि म्हणाला, "फ्लोर, शिक्का."

हात तसाच हवेत राहिला. हातात काही आलं नाही. त्याने मान वर केली. फ्लोर हाताची घडी घालून बसली होती, आणि सगळं दालन त्याच्याकडे बघत होतं.

"आणतो मी, मीच आणतो," तो घाईघाईने म्हणाला आणि उठला. पहिला खण उघडला, त्यात दोरा होता. दुसरा उघडला, त्यात पावत्या. मग कपाट, मग कपाटाचा वरचा कप्पा, मग फ्लोरच्या टेबलाखालचा खोका.

"तिथे नाही, सेक, उजवीकडे बघा!" न्हावी ओरडला.

"उजवीकडे नाही, मागे, मागे!" चारिंग ओरडली.

नानायने शेंगांची पुडी शेजारच्या माणसापुढे केली. "घ्या," ती म्हणाली. "हा टीव्हीपेक्षा बरा आहे."